अभिरुची आणि गुणवत्ता : निवाडा कोणी द्यायचा, या वादाची पार्श्वभूमी

चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून तिच्यावर खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात दोषी ठरलेल्या या लेखकाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये सुटका केली. तसे करताना न्यायालयाने जो भेद मांडला, तो या विषयाच्या मुळाशी जातो. या लेखनाचा वाङ्मयीन दर्जा उच्च नसेल आणि त्यातून लेखकाची अपक्व व हिणकस अभिरुची दिसत असेल, तरी तेवढ्याने ते अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे कथा चांगली आहे का, ती सुसंस्कृत वाचकाला रुचेल का आणि ती गुन्हा ठरते का, हे तीन प्रश्न न्यायाधीशांनी वेगळे केले आणि फक्त तिसऱ्याचे उत्तर दिले. पहिल्या दोन प्रश्नांची गल्लत साहित्य-चित्रपटांच्या चर्चेत रोजच होत असते, आणि ती सोडवण्याचे प्रयत्न निदान दीड-दोन हजार वर्षे चाललेले आहेत.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या यशाविषयी आहे. कोणाला काय आवडते, याची त्यातली नोंद अगदी रोखठोक आहे. तरुण शृंगारात रमतात, धनाची आस असलेले अर्थविषयक कथानकात, विरक्त मोक्षाच्या कथेत, शूर माणसे वीर-रौद्र रसांत आणि युद्धप्रसंगांत, तर वृद्ध धर्माख्याने व पुराणे यांत. आवड वयाप्रमाणे, वृत्तीप्रमाणे आणि व्यवसायाप्रमाणे बदलते, हे भरताने कोणतीही कुरकुर न करता मान्य केले आहे. मात्र त्याच अध्यायात तो ‘प्राश्निक’ नावाच्या परीक्षकांचीही योजना करतो. प्रयोगाविषयी मतभेद झाला, तर यज्ञाच्या प्रसंगाचा निर्णय यज्ञ जाणणाऱ्याने, छंदाचा छंदःशास्त्रज्ञाने, भाषेचा वैयाकरणाने, धनुर्विद्येचा धनुर्धराने आणि प्रणयोपचाराचा गणिकेने द्यावा, असे तो सांगतो. या यादीत गणिका आणि वैयाकरण शेजारीशेजारी बसतात, ही गोष्ट नंतरच्या पुष्कळ समीक्षकांना मानवली नसती. भरताच्या दृष्टीने प्रेक्षकाच्या पसंतीला मर्यादा नाही, परंतु निवाड्याला जाणकारी लागते, आणि ती जाणकारी एकाच वर्गाकडे एकवटलेली नाही.

पुढे ती एकवटत गेली. काश्मीरमध्ये दहाव्या-अकराव्या शतकात लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ रसिकाची जी व्याख्या केली, तिच्यात काव्याच्या सतत परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे आणि जो वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकतो, तोच काव्याचा खरा अधिकारी ठरतो. ही अट जन्माची नसून अभ्यासाची आहे, हे तिचे मोठेपण. पण ज्याला तो अभ्यास करण्याची मुभाच समाजाने दिली नाही, त्याचे काय, हा प्रश्न त्या व्याख्येच्या कक्षेत येत नाही. मराठीत तो विचारला जायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

युरोपात हाच पेच अठराव्या शतकात तीव्र झाला, कारण छापील पुस्तके आणि नाटकगृहे यांमुळे दरबाराबाहेरचा वाचक-प्रेक्षक मोठ्या संख्येने तयार झाला होता. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीच्या मानदंडावर एक निबंध प्रसिद्ध केला. रोमन लेखकांपैकी विशीत ओव्हिड, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस जवळचा वाटतो, हे तो मोकळेपणाने कबूल करतो आणि अशा आवडींवर वाद घालण्यात अर्थ नाही, असेही म्हणतो. तरीही काही निवाडे इतरांपेक्षा अधिक खरे असतात, हे दाखवण्यासाठी तो ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतली, नायकाचा सेवक सांचो याची गोष्ट घेतो. मद्याच्या पिंपाची चव घेऊन सांचोच्या एका नातलगाने त्याला चामड्याचा वास येतो म्हटले, दुसऱ्याने लोखंडाचा. सगळे हसले, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. ह्यूमच्या मते कलाकृतीतही अशी किल्ली असते, आणि ती ओळखणाऱ्या परीक्षकाकडे सूक्ष्म संवेदना, सराव, तुलनेची सवय, पूर्वग्रहापासून मुक्ती आणि साधा विवेक असावा लागतो. अशा परीक्षकांचे दीर्घकाळ टिकलेले एकमत हाच त्याचा मानदंड.

या निबंधातील एका उदाहरणाने मात्र लेखकाचाच घात केला आहे. बन्यन आणि ॲडिसन या इंग्रजी लेखकांना समान प्रतिभेचे मानणे म्हणजे मातीच्या ढिगाऱ्याला टेनेरिफच्या पर्वताएवढा उंच म्हणण्यासारखे आहे, असे ह्यूम लिहितो, आणि त्यातला ढिगारा बन्यन आहे. ॲडिसनचे निबंध आज प्रामुख्याने अभ्यासक वाचतात. बन्यनचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हे रूपक मात्र जगभरच्या भाषांत गेले. हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ या नावाने ते मराठीत आणले, आणि मराठी कादंबरीच्या आरंभाची चर्चा करताना अभ्यासक आजही या भाषांतराचा उल्लेख करतात. ह्यूमची सूक्ष्म संवेदना येथे कमी पडली नसावी. तुरुंगवास भोगलेल्या, भांडी दुरुस्त करणाऱ्या धर्मोपदेशकाचे गद्य त्याच्या काळच्या सभ्य समाजात साहित्य म्हणून गणलेच जात नव्हते, आणि पूर्वग्रहापासून मुक्ती ही अट घालणाऱ्याला स्वतःचा पूर्वग्रह दिसला नाही.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये प्रश्नाची जागाच बदलली. एखादे मद्य मला रुचते, असे म्हणणारा माणूस इतरांच्या संमतीची अपेक्षा करत नाही. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणणारा ती सर्वांना तशी वाटावी, अशी मागणीच करत असतो, जरी ती सिद्ध करण्यासाठी त्याच्याकडे कोणताही नियम नसला तरी. आवड आणि निवाडा यांतला हा फरक इतक्या काटेकोरपणे त्यापूर्वी कोणी मांडला नव्हता. मराठी सौंदर्यविचाराने पुढे ह्यूमपेक्षा कांटशी अधिक काळ झुंज घेतली, याचे कारण हेच असावे.

मराठीत छापील साहित्याचे मूल्यमापन सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात, दक्षिणा प्राइझ कमिटीची ग्रंथांना मिळणारी बक्षिसे आणि १८६७ साली निघालेले ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक यांच्या आधाराने. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांविषयी जो निबंध लिहिला, त्यात लोकांना तेव्हा अतिशय आवडणाऱ्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वास्तवाच्या कसोटीवर नापास केले. वाचकांची पसंती एकीकडे आणि समीक्षकाचा कौल दुसरीकडे, ही मराठीतली ओळखीची स्थिती तेव्हापासूनची आहे.

१९३०च्या दशकात गाजलेला ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यातला वाद या संदर्भात नेहमी उद्धृत होतो, पण तो इथे फारसा उपयोगी पडत नाही. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहिणारे फडके रचनेच्या तंत्राला आणि आनंदाला प्रमाण मानत, तर खांडेकर जीवनाशी असलेल्या बांधिलकीला. दोघेही अतोनात वाचकप्रिय होते. वाद कलेच्या प्रयोजनाचा होता. वाचकाची आवड आणि कृतीची गुणवत्ता यांचे नाते काय, हे दोघांपैकी कोणी खोलात जाऊन तपासले नाही.

ते काम बा. सी. मर्ढेकरांनी केले. कला चांगली की वाईट, हे तिच्या घटकांतील संबंधांवरून ठरते आणि हे संबंध संवाद, विरोध व समतोल या तीन लयतत्त्वांनी बांधलेले असतात, अशी त्यांची मांडणी होती. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ मध्ये, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कलाकृतीपासून मिळणारा उपदेश, माहिती किंवा वैयक्तिक आठवणींना मिळणारा उजाळा यांपैकी काहीही तिच्या सौंदर्याचा पुरावा नव्हे, हा त्यांचा आग्रह मराठी वाचनसंस्कृतीला झोंबणारा होता. तो मांडणाऱ्या माणसाच्याच ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि त्यातून तो निर्दोष सुटला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आग्रहामागची निकड कळते. त्या कविता वाचून अनेकांना किळस आली. आणि ती किळसच त्यांनी कवितेवरचा निवाडा म्हणून पुढे केली. तीन लयतत्त्वे मला अपुरी वाटतात, कारण सामान्य कृतींतही ती दाखवता येतात. परंतु प्रतिक्रिया म्हणजे मूल्यमापन नव्हे, एवढे तरी मर्ढेकरांनी मराठीत कायमचे नोंदवून ठेवले.

मर्ढेकरांची सर्वांत कसून तपासणी रा. भा. पाटणकरांनी केली. त्यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाला पुढच्याच वर्षी अकादमीचा पुरस्कार मिळाला. कलेची संकल्पना एकजिनसी नसून तिला दोन ध्रुव आहेत, असे त्यांनी दाखवले. एका बाजूला कलेचे विश्व स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद आणि दुसऱ्या बाजूला तिला जगण्याच्या इतर मूल्यांशी जोडणारा लौकिकतावाद. समीक्षक कोणत्या ध्रुवाकडे झुकला आहे यावर त्याचे निकष ठरतात, आणि दोन्हींपैकी एक कायमचा बाद करता येत नाही. या मांडणीमुळे मतभेद हा कोणाच्या तरी अडाणीपणाचा परिणाम असलाच पाहिजे, हे गृहीत डळमळीत झाले.

तोवर साहित्यातच मोठी उलथापालथ झाली होती. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) प्रस्थापित निकषांसमोर अशी सामग्री ठेवली, जिच्यासाठी ते निकष घडवलेलेच नव्हते. ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातल्या अनेक शब्दांचे अर्थ कवीकडूनच समजून घ्यावे लागले. अभिनवगुप्ताची ‘परिशीलना’ची अट येथे उलटी फिरते, कारण सराव कमी पडतो तो नामवंत साहित्यिकाचा, आणि कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत वाढलेला वाचक जाणकार ठरतो. भरताच्या प्राश्निकांच्या यादीत त्याला जागा मिळाली असती. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या पुस्तकात आनंद आणि सौंदर्य यांऐवजी स्वातंत्र्य, समता, न्याय ही मूल्ये कसोटी म्हणून पुढे ठेवली. यातून एक अडचण उरते. ही मूल्ये मानणाऱ्या दोन कवितांपैकी एक चांगली आणि दुसरी फिकी का, हे सांगायला पुन्हा भाषा, रचना, ताण यांकडेच यावे लागते. ढसाळांची कविता तिच्या अनुकरणांतून वेगळी उठून दिसते, ती याच कारणाने.

चित्रपटाच्या बाबतीत हा इतिहास लहान आहे, पण पैशामुळे अधिक गुंतागुंतीचा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. लोकांची आवड आणि परीक्षकांचा निवाडा इतके एकत्र आल्याची उदाहरणे थोडी. स्वातंत्र्यानंतर शासनाने स्वतःच परीक्षकाची भूमिका घेतली. १९५४ मध्ये पहिल्यांदा दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनमुळे तिकीटबारीवर अवलंबून नसलेल्या चित्रपटांना पैसा मिळू लागला, आणि १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी ते पाहणारा प्रेक्षक घडवायला घेतले. त्याबरोबर दरीही रुंदावली. १९७५ मध्ये ‘सामना’ बर्लिनच्या स्पर्धेत गेला आणि त्याच वर्षी दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ने मराठी चित्रपटगृहे भरली. एकाच्या प्रेक्षकाने दुसऱ्याला नाके मुरडावीत, ही रीत तेव्हाची. निळू फुले मात्र कोंडके यांचाच ‘सोंगाड्या’ आणि ‘सामना’ या दोन्हींत तितक्याच तयारीने उभे आहेत, आणि कोंडके यांचे विनोदाचे टायमिंग, तमाशातून आलेली हजरजबाबी संवादफेक आजवर गांभीर्याने तपासली गेली ती अपवादानेच.

परीक्षकांच्या एकमताचे सर्वांत दीर्घ जाहीर दस्तऐवज म्हणजे ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ मासिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी घेतलेला समीक्षकांचा कौल. पहिल्या वर्षी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल आला. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ त्या जागी राहिला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला हटवले, जो १९५८ साली प्रदर्शित झाला तेव्हा अनेक समीक्षकांना बेताचाच वाटला होता. २०२२ मध्ये मतदारांची संख्या सोळाशेच्या पुढे नेण्यात आली, विविध देशांतील समीक्षकांना स्थान मिळाले, आणि शांताल आकरमान यांचा ‘जान दीलमान’ पहिला आला, जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसांतही नव्हता. या निकालावर उघड टीका करणाऱ्यांत अमेरिकी दिग्दर्शक पॉल श्रेडर होते. हा चित्रपट थोर आहे आणि आपल्या आवडत्या चित्रपटांपैकी आहे, असे त्यांनी त्या टीकेतच लिहिले. त्यांची हरकत मतदारवर्ग बदलून घडवलेल्या क्रमांकाला होती.