तुरुंगाची आकडेवारी मागताय? अर्ज इथे अडतो

जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडचे एक शेतमजूर बाजाराच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आले. “मना आंडोर कव्हय सुटी?” (माझा मुलगा कधी सुटेल?) हाच प्रश्न त्यांनी माहिती अधिकाराच्या अर्जात लिहिला होता आणि अर्ज नामंजूर झाला होता. ‘कधी’ आणि ‘का’ या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. कागदावर जे नोंदलेलं आहे, तेच मागावं लागतं.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जिल्हा कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडा. ती नसली की अर्ज हमखास अडकतो.

खरी अडचण मजकुराची. मर्यादा 150 शब्दांची आणि विषय एकच. गर्दी, औषधं, मुलाखती असं सगळं एकाच अर्जात कोंबू नका. बंद्यांची नावं मागितली की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो, म्हणून संख्या मागा: ‘अमुक तारखेची अधिकृत क्षमता, न्यायबंदी (खटला सुरू असलेले) किती, सिद्धदोष बंदी (शिक्षा झालेले) किती.’

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम 479 लक्षात ठेवा. पूर्वी शिक्षा न झालेल्या न्यायबंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडण्यासाठी तुरुंग अधीक्षकांनी न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा असतो (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणं वगळून). ‘सहा महिन्यांत असे किती अर्ज पाठवले?’ एवढंच विचारा. कायद्यानंच घातलेली जबाबदारी आहे, टोलवाटोलवी का सोसायची?

आता उत्तराची मुदत. 30 दिवस अर्ज पोचल्यापासून मोजतात. झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं, तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस धरत नाहीत. 48 तासांत उत्तर देण्याची तरतूद फक्त जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेव्हाच. आकडेवारीला ती लागू नाही.

तालुक्याच्या दुय्यम कारागृहाचा कारभार बहुधा तहसीलदारांकडे असतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) नुसार त्या कार्यालयाचंच काम आहे. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत दिला तर घेऊ नका.

उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं अपील 90 दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. उत्तराचा लिफाफा फेकू नका. ते कधी आलं हे सांगायला त्यावरचा टपालाचा शिक्काच कामी येतो.