जिवंत कोपेपॉड रीफ टाकीत सोडताना: ग्राहकांसाठी माहिती

आपण रीफ टाकीसाठी (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) घेतलेल्या बाटलीत टिग्रिओपस आणि टिस्बे या दोन प्रकारचे जिवंत कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या वर्गातले अगदी बारीक जलजीव आहेत. टिग्रिओपस साधारण एक मिलिमीटर लांबीचा असून झटके देत पोहतो, त्यामुळे तो माशांच्या नजरेस लगेच पडतो. टिस्बे त्याहून लहान असून लाइव्ह रॉकच्या (सूक्ष्मजीवांची वस्ती असलेल्या खडकांच्या) फटींत आणि वाळूत दडून राहतो. पहिला मुख्यतः खाद्य म्हणून उपयोगी पडतो, तर टाकीत वस्ती करून राहण्याची आशा दुसऱ्याकडूनच अधिक धरावी.

मँडरिन हा रंगीत समुद्री मासा पाळणाऱ्यांनी पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा, ही विनंती. या माशाला जठर नसते, त्यामुळे एकदाच पोटभर खाऊन तो दिवस काढू शकत नाही. उजेड असेपर्यंत खडकांवरचे कोपेपॉडसारखे बारीक जीव टिपत राहणे हाच त्याचा आहारक्रम असतो आणि गोठवलेले किंवा कोरडे खाद्य तो बहुधा नाकारतो. नव्या टाकीत त्याची हळूहळू उपासमार होते व पोट खपाटीला गेल्यावरच ते आपल्या ध्यानात येते. टाकी किमान सहा महिने स्थिरावल्याशिवाय हा मासा आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिक्सलाइन रॅससारखा मासा आधीपासून टाकीत असल्यास तोही याच खाद्याचा वाटेकरी असतो.

बाटली मिळाली त्याच दिवशी वापरणे उत्तम. ते शक्य नसल्यास झाकण सैल करून ती सावलीत, थंड जागी ठेवावी. सोडण्यापूर्वी बंद बाटली पंधरा-वीस मिनिटे सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) तरंगू द्यावी आणि नंतर तिच्यात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळावे, म्हणजे तापमान आणि क्षारता यांतील फरकाचा धक्का या जीवांना बसत नाही. दिवे मालवल्यावर, मासे विसावले की, रिटर्न पंप (सम्पमधले पाणी मुख्य टाकीत परत नेणारा) तासभर बंद ठेवून नळीने खडकांच्या पायथ्याशी कोपेपॉड सोडावेत. प्रोटीन स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील घाण काढणारे यंत्र) आणि यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा अतिनील दिवा) रात्रभर बंद असावेत, तसेच फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) काढून ठेवावा. अन्यथा बरेचसे जीव तिथेच नष्ट होतात. तांबेयुक्त औषध चालू असलेल्या टाकीत ते सोडूच नयेत, कारण तांबे त्यांना मारक आहे.

वस्ती टिकण्यासाठी त्यांनाही अन्न लागते. नॅनोक्लोरॉप्सिस किंवा आयसोक्रायसिस यांसारखे जिवंत शैवाल बेताने द्यावे. अतिरेक केल्यास नायट्रेट वाढते. सम्पमध्ये किटोमॉर्फा या तंतुमय शैवालाचा गुंता असलेले रिफ्युजियम, म्हणजे माशांपासून वेगळा ठेवलेला कप्पा असेल, तर माशांपासून सुरक्षित राहून कोपेपॉड तिथे वाढतात आणि त्यांची पिल्ले पाण्याबरोबर मुख्य टाकीत येत राहतात. आमच्या मते दर महिन्याला बाटली विकत घेण्यापेक्षा रिफ्युजियमवरचा खर्च अधिक सार्थकी लागतो.

महिन्याभराने दिवे मालवल्यानंतर तासाभराने विजेरीच्या प्रकाशात काच पाहावी. पांढुरके ठिपके सरकताना दिसले, तर वस्ती झाली आहे असे समजावे. काहीच न दिसल्यास दुसरी बाटली मागवण्याआधी टाकीतील मासे, गाळणी आणि औषधे यांची माहिती आम्हांला कळवावी.