कॅरींचं मृत्युपत्र आणि सेरामपूरची पुस्तकं

इंग्रज मिशनरी आणि बायबलचे भाषांतरकार विल्यम कॅरी ९ जून १८३४ रोजी सेरामपूरला वारले. (जुन्या मराठी पुस्तकांत याचं नाव ‘श्रीरामपूर’ असं येतं. ते नगरकडचं नव्हे, हुगळीकाठचं.) त्यांच्या मृत्युपत्रात पैशाअडक्याहून पुस्तकांचाच मजकूर जास्त आहे. परभाषांतली बायबलं, टेलरची हिब्रू शब्दसूची, इटालियन आणि जर्मन ग्रंथ सेरामपूर कॉलेजला द्यायचे. बाकीची पुस्तकं विकून त्यातून मुलगा जाबेझ याला दीड हजार रुपये द्यायचे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते शिकवत, पण तिथला पगार मिशनच्या सामाईक खर्चात जात असे. मुलाला द्यायला हाताशी पुस्तकंच होती.

कॉलेजच्या वाट्याला नेमकी हीच पुस्तकं का आली, हे बघण्यासारखं आहे. धर्मशास्त्राच्या कॉलेजातलं ग्रंथालय म्हणजे प्रवचनं तयार करण्याची सोय, असा आपला समज असतो. सेरामपूरला पुस्तकं ही आधी भाषांतराची हत्यारं होती. एखादा हिब्रू शब्द बायबलात कुठे कुठे आलाय ते शब्दसूचीत शोधायचं, दुसऱ्या भाषांनी त्याचं काय केलं ते ताडून पाहायचं आणि मग पंडितांशी वाद घालायचा, अशी ती कामाची रीत.

ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून कॅरी १८०० साली डेन्मार्कच्या ताब्यातल्या या गावात आले. त्याच वर्षी छापखाना सुरू झाला. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये निघालं, कोश १८१० मध्ये आणि बायबलचा नवा करार १८११ मध्ये. या कामात पंडित वैजनाथ त्यांच्या सोबतीला होते. नवा करार छापला तो मोडीत. पोथी बाळबोधीत असली तरी पत्रं आणि हिशेब मोडीतच चालत, तेव्हा हा हिशेबही व्यवहारी होता.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, टाइप आणि हस्तलिखितं जळाली. अनेक भाषांचा एकत्र कोश त्यातच गेला. ज्या लिखाणाची दुसरी प्रत नव्हती, ते गेलं ते गेलंच.

कॉलेज निघालं त्यानंतर, १८१८ मध्ये. पहिल्या ३७ विद्यार्थ्यांपैकी १९ ख्रिस्ती होते, बाकीचे हिंदू. शिकवायचं होतं पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान. त्यामुळे ग्रंथसंग्रह नुसत्या धर्मग्रंथांवर भागणारा नव्हता. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली. पण धर्मशास्त्राची पहिली बी. डी. पदवी मिळायला १९१५ साल उजाडलं.

याच सनदेच्या बळावर आज सेरामपूरची सिनेट देशभरच्या धर्मशास्त्र कॉलेजांना पदव्या देते. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक.