वळणावरचे पावणेपाच मीटर

आपल्याकडे गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर एकच काढा असतो: अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या मित्राने हौसेने जुनी पोर्श ९११ ही स्पोर्ट्स कार घेतली. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटात गेला, की वळणाआधी ब्रेक दाबताना गाडी शेपूट हलवायची आणि वळणातून निघताना रेस दिली की आतलं मागचं चाक जागीच भिरभिरायचं. दोनदा अलाइनमेंट झालं. कुणीतरी टायरमध्ये नायट्रोजन भरायला लावला. (साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, तेवढ्याचे पैसे वाचले असते.) खंडेनवमीला चारही चाकांखाली लिंबं चिरडली. शेपूट हलतच राहिलं.

अलाइनमेंट बिघडलं की टायर आधी बोलतो. टायरवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकाचं तोंड वाकडं आहे. चाक फक्त एक अंश वाकडं असलं तरी किलोमीटरमागे साडेसतरा मीटर आडवं घासत जातं. गाडी टायर खाते ती अशी. मित्राच्या टायरवर असं काहीच नव्हतं. म्हणजे दुखणं आत होतं, डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटून देणाऱ्या दात्यांच्या यंत्रात.

हे यंत्र मला फार आवडतं. मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा π गुणिले दीड, म्हणजे सुमारे पावणेपाच मीटर जास्त चालतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, फरक तेवढाच, कारण त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर हे पावणेपाच मीटर कुणीतरी घसटत काढणार. १८२० च्या दशकात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला: दोन चाकांच्या मध्ये असे दाते, की एक चाक जितकं मागे पडेल तितकंच दुसरं पुढे जाईल.

पण हे दाते जुवासारखे वागतात. ओढ मधून लागते आणि दोन्ही टोकांना सारखीच वाटली जाते. एक बैल ढिला पडला की जू फिरतं आणि दुसऱ्याची ताकदही वाया जाते. निपाणी-चिकोडीकडे चिखलात रुतलेला उसाचा ट्रॅक्टर पाहा, एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म. ड्रायव्हर मग डिफ लॉक दाबतो, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना जखडतो.

स्पोर्ट्स कारला पूर्ण लॉक चालत नाही, ती वळायलाच नकार देईल. म्हणून अर्धवट लॉक. तेलात बुडालेल्या पातळ चकत्या असतात, एक डिफरन्शियलच्या घराला (बाहेरच्या कवचाला) जोडलेली, पुढची चाकाच्या दांड्याला, म्हणजे ॲक्सलला, अशी एकाआड एक. स्प्रिंग त्यांना थोडं दाबून ठेवते. इंजिनचा जोर आला की उतरत्या खाचा त्यांना आणखी दाबतात, रेस देताना आणि सोडतानाही. सोडतानाचं काम लोकांच्या लक्षात येत नाही. गाडीचं बूड फिरायचं तर दोन चाकांच्या वेगात फरक पडावा लागतो; चकत्या तो फरक अडवतात, म्हणून ब्रेकखाली गाडी सरळ राहते. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे एकदा हललेलं शेपूट जड पडतं. चकत्या मिलिमीटरच्या काही दशांशांनी झिजल्या की स्प्रिंगचा दाब संपतो. टायरवर खूण नाही, आवाज नाही.

उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रींनी दोन्ही मागची चाकं उचलली, गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला आणि डावं चाक हाताने पुढे फिरवलं. उजवं मागे फिरलं. "साहेब, हा तर लॉक न दाबलेला ट्रॅक्टर झाला की!"

चकत्या धड असत्या तर उजवंही डाव्याबरोबर पुढेच गेलं असतं. नेमका आकडा हवा असेल तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं टॉर्क रेंचने (पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने) फिरवायचं आणि किती जोराला ते हलतं ते कंपनीच्या आकड्याशी ताडायचं. मात्र आधी आत काय आहे ते विचारून घ्या. काही लॉकमध्ये चकत्या-स्प्रिंगऐवजी नुसते तिरपे दातेच असतात, आणि ते नवे कोरे असतानाही उचललेलं दुसरं चाक उलटंच फिरतं.