वजन उतरले, दमसासाचे काय?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हृदय किती सुधारले, हा प्रश्न आज सहज विचारला जातो. सुरुवातीच्या सर्जनांच्या तो गावीही नव्हता. 1954 मध्ये मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाट काढून दिली. वजन झपाट्याने उतरे, पण जुलाब, मूतखडे आणि यकृताचे दुखणे मागे लागे. ती पद्धत अखेर सोडावी लागली. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी 1967 मध्ये जठराचा छोटा कप्पा करून बायपासची पद्धत मांडली, आणि आजच्या शस्त्रक्रियांचा धागा तिथून सुरू होतो. तोवर मोजमाप एकच होते: काटा.

हृदयासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून पाहिली ती हेन्री बुकवाल्ड यांनी, आणि गंमत म्हणजे वजन घटवणे हा तिचा हेतूच नव्हता. आतड्याचा शेवटचा भाग वगळून कोलेस्टेरॉल उतरवायचे, एवढेच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 838 जणांच्या चाचणीचे निष्कर्ष 1990 मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा झटका यांचे प्रमाण 35 टक्क्यांनी कमी होते.

मग स्वीडन. 1987 पासून तिथे शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार लठ्ठ रुग्ण आणि न झालेले तितकेच, यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, ही त्यातली उणीव. तरी 2007 मध्ये मृत्यू कमी झाल्याचे आणि 2012 मध्ये झटका व पक्षाघात कमी झाल्याचे दिसले. मला त्यातली एक बाब सर्वांत बोलकी वाटते: सुरुवातीला ज्याचे वजन जास्त, त्याला फायदा जास्त, असे काही आढळले नाही.

दमसास मोजण्याची विद्या मात्र वेगळ्याच घरात वाढत होती. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ही कल्पना ए. व्ही. हिल यांनी 1920च्या दशकात मांडली. 1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या बसून असणाऱ्या ड्रायव्हरांची आणि दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांची तुलना केली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता.

ही दोन घरे जुळली तेव्हा आकड्यांची एक गफलत समोर आली. ट्रेडमिलवर नाकातोंडाला मुखवटा, दर तीन मिनिटांनी वाढणारा चढ, आणि शेवटी धाप लागून ‘बस’ म्हणेपर्यंतची नोंद. समजा 120 किलोचा माणूस मिनिटाला 2.4 लिटर ऑक्सिजन वापरतो. दमसास सहसा वजनाच्या हिशेबात सांगतात: किलोमागे 20 मिलिलिटर. वजन 80 वर आले आणि लिटर तेवढेच राहिले, तरी आकडा 30 होतो. कागदावर दीडपट सुधारणा, इंजिन मात्र तेच. ओझे उतरल्याने जिना खरोखर सोपा जातो, रक्तदाब उतरतो, हृदयाच्या जाड झालेल्या भिंतीही पातळ होऊ लागतात. हा लाभ खोटा नाही. पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात, त्यामुळे लिटरचा आकडा अनेकदा किंचित घसरतोच.

म्हणूनच अलीकडे शस्त्रक्रियेनंतर व्यायामाच्या चाचण्या झाल्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका सहा महिन्यांच्या चाचणीत व्यायाम करणारे आणि न करणारे अशा दोन्ही गटांत वजन जवळपास सारखेच उतरले. दमसास वाढला तो व्यायाम करणाऱ्यांचा.