घोड्याच्या केसाची रेघ

लांब सांडशीत धरलेलं मडकं भट्टीतून बाहेर येतं तेव्हा त्याचं तापमान असतं साधारण 600 ते 700 अंश सेल्सिअस. कुंभार घोड्याच्या शेपटीचा एक केस त्याच्या अंगाला टेकवतो. केस वळवळतो, आक्रसतो, दिसेनासा होतो. मागे उरते काळी नागमोडी रेघ आणि तिच्या कडेला धुराची करडी सावली.

अमेरिकेत लोक आपल्या मरण पावलेल्या घोड्याचे केस कुंभाराकडे देऊन असं स्मृतिपात्र घडवून घेतात. न्यू मेक्सिकोतल्या अकोमा प्वेब्लो या मूलनिवासी वस्तीतले आणि नवाहो या मूलनिवासी जमातीचे कुंभारही घोड्याच्या केसांची भांडी करतात. शेपटीचा केस राठ, त्याची रेघ ठसठशीत, आयाळीची नाजूक. काहीजण पिसंही टेकवतात.

ही रेघ म्हणजे केस नव्हे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन, शिवाय नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन आणि गंधक. केस जळताना येणारा उग्र वास मुख्यतः त्या गंधकाचा. तापलेल्या मातीला टेकताच बाकीची मूलद्रव्यं बरीचशी वायू होऊन उडून जातात आणि कार्बन मातीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसतो. म्हणून या मडक्याला काचेसारखी झिलई देत नाहीत. छिद्रंच बुजली तर काजळी वरच्यावर राहील आणि बोटाने पुसली जाईल. पृष्ठभाग झिलईऐवजी घोटून गुळगुळीत करतात.

सगळं कसब तापमान ओळखण्यात आहे. मडकं फार तापलेलं असेल तर कार्बनही हवेतल्या ऑक्सिजनशी जळून जातो आणि रेघ पुसट होते. फार निवलं तर केस वितळल्यासारखा चिकटतो, खरखरीत डाग पडतो. हातात मिळतात जेमतेम काही मिनिटं. त्यातच 573 अंशांपाशी मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या स्फटिकांची रचना बदलते, ते एकदम आकसतात, आणि मडक्याला तडा जाऊ शकतो. तो टळावा म्हणून मातीत भाजक्या खापराचा चुरा मिसळतात.

मातीत बसलेला कार्बन किती टिकतो याचा पुरावा आपल्या विदर्भातही आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 मध्ये महापाषाणीय, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या प्राचीन दफनांचं उत्खनन केलं. तिथे माणसांसोबत घोड्यांचे अवशेष सापडले, त्यांचे तांब्याचे अलंकार सापडले, आणि काळी-तांबडी भांडीही. त्या भांड्यांचा काळेपणाही भाजताना ऑक्सिजन कमी पडल्यामुळे मातीत राहिलेल्या कार्बनचाच. सुमारे अडीच हजार वर्षांनंतरही तो शाबूत आहे. निरोपाच्या वेळी माणूस, घोडा आणि मातीचं भांडं एकत्र येणं किती जुनं आहे, हे पाहून मला फार भरून येतं.

मग या रेघेत आपला घोडा आहे का? त्याचा डीएनए नाही. तो उष्णतेत नष्ट झाला. पण त्याने खाल्लेल्या गवतातून त्याच्या केसांत आलेले कार्बनचे अणू नक्की आहेत.

म्हणून असं पात्र घडवून घ्यायचं असेल तर सगळे केस देऊ नका, थोडे घरी ठेवा. दिलेले धुऊन, पूर्ण वाळवून, जुडी बांधून द्या. रेघ कशी उमटेल ते आधी ठरवता येत नाही, हे मनाशी धरा. वरून मेण लावलं तरी मडकं सच्छिद्रच असतं; त्यात पाणी भरू नये, अन्न ठेवू नये. आणि ते पुन्हा भट्टीत तर कधीच जाऊ देऊ नये, कारण तिथे ती रेघ जळून जाईल.