चूक कामगाराची असली तरी भरपाई मिळते

"कामावर लागलं, पण चूक स्वतःचीच, मग मालकाकडून काहीच मिळत नाही." बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीपासून खानापूरच्या वीटभट्टीपर्यंत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं वाटणं साहजिक आहे. ज्याची चूक त्यानं भोगावी, हा आपला रोजचा न्याय.

भरपाईचा कायदा मात्र १९२३ पासून वेगळंच विचारतो: इजा काम करताना, कामामुळे झाली का? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व आहे. हात निसटला, लक्ष चुकलं, एवढ्यानं हक्क जात नाही. नशा किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं हे अपवाद. मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वात तेही लागू नाहीत.

इजेमुळे तुमचं काम तात्पुरतं बंद पडलं तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण निम्मा पगार. हिशेबातल्या वेतनाला सरकारी कमाल मर्यादा असते. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण खाडा २८ दिवसांवर गेला की तेही धरतात. ठेकेदाराकडे असाल आणि काम मूळ मालकाच्याच धंद्याचं असेल, तर जबाबदारी त्याच्यावरही येते.

आधी पगारचिठ्ठी बघा. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पैसे, कापत असतील तर भरपाईचे पैसे मालकाकडून नव्हे, त्या योजनेतून मिळतात, सरासरी रोजाच्या सुमारे ९० टक्के. कापत नसतील तर अपघाताची लेखी खबर देऊन पोच घ्या, केसपेपर जपा, कामगार खात्याच्या कचेरीत विचारा. दाव्याला मुदत दोन वर्षं. आणि कन्नडमधला कागद कुणाकडून तरी नीट वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका.